वेशीबाहेरचं मावंदं

कोपर, डोंबिवली पश्चिम
चैत्र, मंगळवार, जेवून आडवं व्हायची वेळ

ती. सौ. रतनवहिनींच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एक (आणि सध्या नावडत्या) नणंदेचा लोटांगणासकट नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी. गुडघ्यांना तेल लावत असाल. परशुरामदादाचा घसा बसल्याचं विनीतकडून समजलं. भर उन्हात माजिवड्याच्या उड्डाणपुलाखाली उभं राहून बँजोवाल्यांना ‘येतायत, येतायत, जाऊ नका’ असं दुपारभर ओरडल्यावर दुसरं काय होणार! मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगा. माझी प्रकृती उत्तम आहे. टाचांना भेगा आहेत, पण त्या आता घरच्याच झाल्या. (जेवणाचं विचारू नकोस. एकटी असले की कुकर लावायचा कंटाळा येतो, रात्रीचं चहा-बिस्किटावर भागतं, हे तुला माहीत आहे आणि त्यावरून तुझं बोलूनही झालेलं आहे.) बघ, मोठ्या अदबीने ‘आपली’ म्हणून सुरुवात केली आणि घसरले ना ‘तू’वर! राहू दे. तुझ्या लग्नात करवली म्हणून मिरवले तेव्हापासून तुला अगंतुगं करतेय, आता रुसवा काढायला ‘आपण’ म्हटलं तर तुला वाटेल हिला खरंच काही झालंय.

पत्र का, तर तू फोन उचलत नाहीस म्हणून. अगं, उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी लोकांचे फोन जोडून दिले. भांडलेले नवरा-बायको, वाटण्या झालेले भाऊ, कोर्टात गेलेले शेजारी, सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावलं, आणि माझी सख्खी भावजय माझाच फोन कापते! व्हॉट्सअॅपवर निळ्या रेघा उमटतात, उत्तर मात्र नाही. शेवटी विनीत म्हणाला, ‘आत्या, तू लेटर टाक. मम्मी पाकिटातून आलेलं काहीही सोडत नाही, लाइटबिलपण दोनदा वाचते.’ म्हणून हे पाकीट. आता फाडलंयसच तर शेवटपर्यंत वाच. ताजा कलम तर नक्की वाच.

वहिनी, तू पुरण घातलंस, कटाची आमटी केलीस, भजनीमंडळाच्या झाडून सगळ्या बायकांना जेवायला बोलावलंस, आणि जिच्यासाठी केलंस ती आलीच नाही. माझी बाजू मांडण्याआधी एक कबूल करते, की तुझ्या जागी मी असते तर लाटण्यासकट कोपरला आले असते. नर्मदामैयाची परिक्रमा पायी पुरी करून मी परतले आणि ‘तुझ्या खुराड्यात पाच माणसं मावत नाहीत, मावंदं ठाण्याला माहेरीच होईल’ असं तू फर्मावलंस, तेव्हा मला किती बरं वाटलं ते मी बोलले नव्हते, आता लिहिते. यात्रा करून आलेल्या माणसाला वेशीवर वाजतगाजत सामोरं जायचं, त्याच्या कुपीतलं पाणी पूजायचं आणि त्याच्या वाटसोबत्यांना पोटभर जेवू घालायचं, हे मावंदं आपल्या आईला कधी लाभलं नाही. तू माझ्यासाठी माजिवड्याला वेस शोधलीस. (उड्डाणपुलाखालची का होईना. दादा म्हणाला, तिथे इतके पूल एकमेकांवर चढलेत की नेमकी वेस कुठली हे ठरवायलाच त्याची सकाळ गेली.)

तर वाटसोबती दोन. एक गोविंदा, शहाडचे. एसटीत कंडक्टर होते, अजूनही कुणी दोन पावलं मागे राहिलं की ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणतात. आणि दुसऱ्या हौसाबाई, संगमनेरकडच्या. हौसाबाई नसत्या तर मी शूलपाणीच्या झाडीतून परत आले असते, नाहीतर आलेच नसते. रोज पहाटे माझ्या अंगावरची घोंगडी ओढून म्हणायच्या, ‘ऊठ गं जया, मैया लांब गेली.’ आणि मी डोळे मिटल्या मिटल्याच चालू लागायचे. धुकं असायचं, नदी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. नियम एकच: मैया कायम उजव्या हाताला हवी आणि तिला ओलांडायचं नाही. किती सोपं आहे बघ. इतकं सोपं जगणं मला पुन्हा मिळायचं नाही. कुठे जायचं हा प्रश्न नाही, कोण वाट बघतंय हा प्रश्न नाही, नदी जाईल तिकडे जायचं आणि संध्याकाळी जो ‘नर्मदे हर’ म्हणेल त्याच्या ओसरीवर झोपायचं. समुद्राला मिळते तिथे तेवढी होडी. होडीतून पलीकडच्या काठाला लागायचं की पुन्हा चाल सुरू. शेवटी ओंकारेश्वराला पाणी वाहिलं, कढाई केली (शिरा करून लहान मुलींना वाटतात, त्याला तिकडे कढाई म्हणतात), गळ्यात गळे घालून रडलो आणि खांडव्याहून गाडीत बसून कल्याणला उतरलो.

हौसाबाईंना म्हटलं, आता मावंद्यालाच थांबा माझ्याकडे. त्या थांबल्या. त्यांना दोन मुलगे. एकाकडे उन्हाळा, दुसऱ्याकडे पावसाळा, थंडीचं काय ते दरवर्षी भांडून ठरतं. वाटेत गावोगावच्या बाया ज्यांच्या पाया पडत होत्या त्या या हौसाबाई घरी गेल्या की ‘म्हातारी’ होणार आणि पडवीतल्या खाटेवर जाणार. धाकटा मुलगा रोज फोन करतो. वाईट नाही गं तो, पण एकच विचारतो, ‘आई, मावंदं झालं का? झालं की गाडी पाठवतो.’ कांदा काढायला आलाय आणि घर राखायला माणूस नाही. म्हणजे तुझ्या पुरणपोळीचा शेवटचा घास आणि हौसाबाईंची गाडी, या दोन गोष्टी एकत्रच येणार होत्या. हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण मी तिकडे बघत नव्हते.

घरी आल्यापासून मी शुद्धीवर आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. पंखा सुरू केला की नदी ऐकू येते. पहाटे जाग येते ती काठी चाचपतच, आणि हाताला लागतो टीव्हीचा रिमोट. हौसाबाई खाली सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला उजवी घालून फेऱ्या मारतात. पहिल्या दिवशी वॉचमनने हटकलं, तिसऱ्या दिवशी तो नमस्कार करायला लागला, परवा तळमजल्यावर राहणाऱ्या कादंबरीने टाकीपाशी उदबत्ती लावली. सेक्रेटरी चिडलेत. मी खिडकीतून बघत बसते. दूध उतू जातं, बेल वाजते, मला वाटतं कुणीतरी आश्रमात जेवायला हाक मारतंय. वहिनी, आपलं घर आपल्याला नवं वाटणं फार छान असतं, आणि जरा भीतीचंही असतं.

आता रविवार. तू म्हणालीस तसं सकाळीच निघालो होतो, उशीर मी केला नाही. गोविंदा शहाडहून आले, रिक्षा दाराशी आली आणि हौसाबाई म्हणाल्या, कुपीत मैया हाय, म्हंजी आपण अजून परिक्रमेत, वाहनात बसायचं न्हाई. मी म्हटलं, अहो, मग खांडव्याहून आगगाडीतून आलात ते? तर म्हणाल्या, ‘तवा मी झोपले व्हते.’ चालत निघालो. मोठागावला खाडीवर तो नवा पूल झालाय ना माणकोलीला जाणारा, तिथवर पोचलो. हौसाबाईंनी कठड्यापाशी जाऊन खाली बघितलं आणि विचारलं, ही कोण? म्हटलं, उल्हास. कुठं जाते? समुद्राला. झालं. ‘मैयाबी समुद्राला जाते. म्हंजी बहिणीच झाल्या. आन् बहिणीच्या डोक्यावर पाय दिऊन जायचं व्हय?’ असं म्हणून बाईंनी पुलाच्या तोंडाशी फतकल मारलं.

मी सांगून पाहिलं, की नियम फक्त नर्मदेला आहे, वाटेत आपण ढिगाने नद्या ओलांडल्या. रागावून पाहिलं. तुझं नाव घेतलं, पुरणाचं नाव घेतलं. गोविंदांनी तर आगीत तेल ओतलं. म्हणाले, हा पूल चुकवलात तरी पुढे खारेगावला हीच बाई परत आडवी येते; कुठूनही जा, ठाण्यात शिरायचं तर पाणी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मग त्यांनाच सुचलं, की समुद्रापाशी आपण होडीने गेलो होतो, खाडी म्हणजे समुद्रच, तेव्हा होडी चालेल. त्यांच्या ओळखीचा मोठागावचा काळुराम, होडी स्वतःची, बाळकुमला उतरवतो म्हणाला, तिथून माजिवडा हाकेच्या अंतरावर. मला कल्पना पसंत नव्हती. (होती. खोटं कशाला लिहू? पाण्यावरून माहेरी जायचं या कल्पनेनेच मला हुरळल्यासारखं झालं होतं.)

काळुराम म्हणत होता, ‘काकू, पानी उतरतंय, आटपा लवकर.’ पण हौसाबाईंनी आधी खाडीची ओटी भरली. मग आरती केली. आरती संपली असं वाटलं तेवढ्यात दुसरी लागली. आणि बसल्यावर त्यांनी काळुरामला ठणकावलं, की पाणी उजव्या हाताला पाहिजे. तो बिचारा चारी बाजूंना बघतो, होडीत बसल्यावर पाणी उजवीकडेच कसं ठेवायचं! शेवटी गोविंदांनी तोड काढली, की डाव्या काठाला चिकटून चल, म्हणजे सगळी खाडी आपोआप उजवीकडे. काळुराम म्हणाला, काठाला गाळ आहे. हौसाबाई म्हणाल्या, मैया बघून घेईल. मैयाने पाहिलं. तिवरांच्या कडेला होडी सरसरत गेली, एकदा डुचमळली आणि थांबली ती थांबलीच. काळुरामने वल्हं रोवलं तर ते निम्मं आत गेलं. मग त्याने डोक्याचा टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, ‘बसा आता निवांत. भरती येल तवाच होरी हालल.’

तेवढ्यात तुझा फोन आला. मी तुला सांगितलं, की वहिनी, आम्ही खाडीत चिखलात रुतून बसलोय. तू म्हणालीस, ‘जया, थापा मारायलाही वयाचं भान ठेवावं माणसाने,’ आणि फोन आपटलास. अगं, शपथेवर सांगते, खरंच बसलो होतो!

आणि वहिनी, काय बसलो होतो! पाणी बघता बघता निघून गेलं आणि जिकडेतिकडे ओला चिखल चमकायला लागला. आवाज नाही. लांबवर पुलावरून गाड्या जात होत्या, त्या दुसऱ्याच कुठल्या गावातून जात असाव्यात असं वाटत होतं. बगळे आमच्याकडे दुर्लक्ष करून आपलं काम करत होते. चिखलात निवट्या, म्हणजे ते बोटभर मासे, पुढच्या परांवर रेटा देत चालत होते, पाण्याशिवाय, एकामागून एक. हौसाबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आपल्यागत हायेत गं. ह्यांचीबी परिक्रमाच चाललीया.’ गोविंदा तोंडावर टोपी घेऊन झोपले, झोपेत एकदा ‘पुढे सरका’ म्हणाले. मला पण डोळा लागला. जागी झाले तेव्हा क्षणभर कळेना, मी गुजरातेत आहे की डोंबिवलीत. उजव्या हाताला पाणी नव्हतं आणि मी घाबरले. मग हौसाबाईंचा हात लागला. त्या तिथेच होत्या. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

भुका लागल्या. काळुरामच्या डब्यात बोंबील होते, तो अगदी प्रेमाने ‘घ्या काकू’ म्हणाला. आम्ही तिघांनी हात जोडले. पण नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, त्याचा चहाचा स्टो होता आणि हौसाबाईंच्या झोळीत ओंकारेश्वरचा उरलेला रवा-गूळ अन् तुपाची बाटली. बाईंनी त्याची कढई तीनदा घासून घेतली आणि मधल्या फळीवर बसून शिरा परतला. मी म्हटलं, झालं की हो आपलं मावंदं. तर उलथनं उगारून म्हणाल्या, ‘ही कढाई. मावंदं न्हवं.’ शिरा आम्ही केवड्याच्या पानावर… छे, कुठला केवडा, काळुरामच्या बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर खाल्ला. त्याला किंचित बोंबलाचा वास येत होता. देवाशप्पथ सांगते, त्यापेक्षा चांगला शिरा मी खाल्ला नाही. (तुझ्या हातचा सोडून. हे रुसवा काढायला लिहिलेलं नाही.) वाटेत कोण कुठे पडलं, कुणाची चप्पल कुठल्या कुत्र्याने नेली, गोविंदांना बैल समजून गाय कशी मागे लागली, असं एकेक काढून आम्ही इतके हसलो की काळुराम म्हणाला, हलू नका, होरी अजून आत चाललीय.

आणि त्या हसण्यातच हौसाबाईंच्या मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता, त्यांना तसाच लावता येतो. ‘आई, मावंदं झालं का?’ हौसाबाईंनी चिखलाकडे पाहिलं, बगळ्यांकडे पाहिलं, बोटाला लागलेलं तूप लुगड्याला पुसलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘न्हाई रं बाबा. अजून येशीच्या भायेरच हाय.’ फोन ठेवला. आणि वहिनी, तेव्हाच पूल, बहीण, उजवा हात, सगळं माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. ही बाई जेवायला येत नव्हती, कारण जेवण झालं की हिला जावं लागणार होतं. मला स्वतःचीच लाज वाटली, की मी सकाळपासून त्यांना पुढे ढकलत होते.

दिवेलागणीला भरती आली. काठाकाठाने पाणी इतकं हळू आत शिरलं की होडी कधी सुटली ते कळलंच नाही, नुसतं अंग हलकं झालं. समोर ठाण्याचे दिवे लागले होते. त्यातला एक तुझ्या स्वयंपाकघराचा असणार. काळुरामने विचारलं, पुढं की मागं? गोविंदा माझ्याकडे बघायला लागले. हौसाबाईंनी मान खाली घातली. आत्ता निघालो तर तासाभरात तुझ्या दारात होतो, बायका गेल्या असत्या पण पोळ्या उरल्या असत्या, आणि तू रडत रडत वाढलं असतंस, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, मागे.

तर वहिनी, चूक हौसाबाईंची नाही, काळुरामची नाही, गाळाची तर मुळीच नाही. होडी सुटली होती. परत फिरवली ती मी. काय बोलायचं ते मला बोल. पण बोल.

चि. विनीतला आशीर्वाद. दादाला गुळण्यांची आठवण करणे.

तुझी नणंद,
जया

ता. क. – आता मुद्द्याचं. मावंदं रद्द करू नकोस, हात जोडते. पुढच्या रविवारचं आमंत्रण पुन्हा दे, हौसाबाईंना ऐकू जाईल असं फोनवर मोठ्याने दे. आम्ही येणार नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारचं दे. पूल आहे, ओहोटी आहे, पुढे पावसाळा आहे, चातुर्मास आहे, काहीतरी निघेलच. फक्त पुरण घालू नकोस आणि बँजोवाल्यांना सांगू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर. मुलगा विचारेल तेव्हा त्या माउलीला खोटं बोलावं लागू नये, एवढंच.

ता. क. २ – पोळ्या उरल्या असतील तर विनीतबरोबर पाठव. मात्र त्याला बजाव, की दारात ‘मावंद्याच्या पोळ्या’ असं तोंडातून काढायचं नाही. म्हणावं, सहज केल्या होत्या.

ता. क. ३ – पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हौसाबाईंनी धरलं. कुणाला लिहितेस, वाचून दाखव म्हणाल्या. दाखवलं. ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले, आणि आता सांगतात ते लिही म्हणतात. एक शब्द बदलायचा नाही, पुन्हा वाचून घेणार आहेत. म्हणून लिहिते:

‘वैनीबाई, दंडवत. मला पुलाचं कसलं आलंय भ्या? आमच्या गावाला दोन पूल हायेत आन् मी शेरडं घिऊन रोज त्यावरनं जात व्हते. मला काय, पडवी तर पडवी. पर तुमची ही नणंद वाटंत भाकरीच्या भाकरी खायची, हसायची. हितं घरात आल्या रातीला बघितलं तर अंधारात बसून च्यात बिस्कुट बुडवीत व्हती. मंग मी ठरिवलं, ही जेवाय लागल्याबिगर मावंदं व्हऊ द्यायचं न्हाई. रातीची भाकर खाती आता, पर अजून एकच खाती. तवा तुमी आवतान देत ऱ्हावा.’

लिहिलं. खाली सही कर म्हणतात, म्हणून करते.

जया